न चोळायची सुई

१४ मार्च १९९६, गुरुवार

सकाळपासून लाईट दोनदा गेली. डॉ.बाईंचा पारा चढलेला, बाहेर बाकावर पेशंट मावेनात, आणि आयाबाई आजच सुट्टीवर. सगळ्यांना मुहूर्त एकच सापडतो.

सुनंदाला आज दोन सुया. एक नेहमीची, पेनिसिलीनची, एकवीस दिवसांची. लहानपणी सांधेतापाने तिच्या काळजाची झडप आकसली तेव्हापासून ती चालू आहे. आठ वर्षांपूर्वी लग्न होऊन कॉलनीत, आमच्या शेजारच्या क्वार्टरमध्ये आली तेव्हापासून मीच देते. दुसरी सुई नवीन, मूल न राहण्याची. एकदा दिली की तीन महिने बघायला नको. मुलीच्या, पिंकीच्या वेळी बाळंतपणात हिच्या छातीत पाणी भरलं होतं. डॉ.बाईंनी तेव्हाच बजावलं होतं की दुसरं मूल म्हणजे जिवाशी खेळ. तांबी नको, काळजाला इन्फेक्शनची भीती. ऑपरेशनला भूल द्यायला कोणी धजत नाही. तिच्या नवऱ्याला, दिवाकरला म्हटलं, तुझंच करून घे, दहा मिनिटांचं काम. तर तो मला पोलाद कारखान्यातल्या, रोलिंग मिलच्या ओव्हरटाईमचं सांगायला लागला.

त्याची आई, गिरजाबाई, बाहेर बसल्या होत्या. त्यांना पेनिसिलीनपलीकडे काही माहीत नाही. दिवाकरनेच आत येऊन हळू आवाजात सांगितलं, "काकू, आईले काई सांगू नका. नातवाची वाट पाहून राहिली थे. दुसऱ्या सुईचं आयकलं तं घर डोक्यावर घेते."

डॉ.बाईंनी औषधाचा कागद मला वाचून दाखवला. बाटली चांगली हलवायची, पांढरं खाली बसतं. खोल मांसात द्यायची. नंतर जागा चोळायची नाही, शेकायची नाही. औषध एका जागी बसून रोज थोडं थोडं रक्तात उतरतं. चोळलं तर भराभर उतरतं आणि मुदतीच्या आत संपून जातं.

दिल्या दोन्ही. सगळं नेहमीसारखं झालं. टेबलावरून उतरताना सुनंदा म्हणाली, "काकू, आता भेव नाई ना?" म्हटलं, नाही. केवढी हसली. लग्नात हसली असेल तशी.

पुढची ६ जूनला. बारा आठवडे म्हणजे बरोबर चौथं पेनिसिलीन, लक्षात ठेवायला सोपं.

४ एप्रिल, गुरुवार

सुनंदाचं पेनिसिलीन. थोडं थोडं अंगावरून जातंय म्हणाली. कागदावर तसं लिहिलंच आहे.

गिरजाबाईंनी मला फाटकात गाठलं. "सिस्टरबाई, मागच्या बारीले लय दुखलं पोरीले. लंगडतच होती. मंग इट तपवली, फडक्यात गुंडाळली आन् दोन दिवस शेकलं. तेल लावून चोळलं. तवा कुठं धड चालाले लागली." म्हटलं, बरं केलंत, तुमच्यासारखी सासू सगळ्यांना मिळो. बाई खूश. संध्याकाळी पिंकीच्या हाती वाटीभर मोहाची भाजी पाठवली.

ह्यांची सी शिफ्ट, म्हणजे रात्रपाळी. दिवसभर झोप, त्यामुळे घरात चोरपावलांनी वावरायचं.

२५ एप्रिल

ऊन मी म्हणतंय. कूलरची मोटर जळली. सु. ठीक. आता अंगावरून जाणंही थांबलं.

१६ मे

सु. पेनि. पाळी नाही. औषध छान लागू पडलं म्हटलं. डॉ.बाईंनाही सांगितलं, त्या म्हणाल्या, "अच्छा है."

माझा धाकटा मुलगा रायपूरहून आला. मराठीत बोलवत नाही त्याला, आईशी हिंदी. मीही हिंदीतच भांडले, म्हणजे नीट समजेल.

६ जून, गुरुवार

सुनंदाची दुसरी सुई.

आज एक झालं. सुई काढली, कापूस धरला आणि अंगठा आपोआप गोल फिरायला लागला. डॉ.बाई टेबलाशी होत्या, त्या ओरडल्या, "सिस्टर, मत रगड़ो!" हात काढून घेतला. बावीस वर्षं सुई दिली की चोळते आहे. हाताला कोण शिकवणार.

मार्चमध्ये थांबवला होता का? थांबवला असणार. तेव्हा तर कागद नुकताच वाचला होता.

सुनंदाला म्हटलं, ही सुई शेकायची नसते, घरी शेकू देऊ नकोस. ती म्हणाली, "आत्याबाई इट घेऊन बसतात, त्याईले काय सांगू? कावून नाई म्हनून इचारलं तं?" आणि हसायला लागली. मला तिच्या सासूची मार्चमधली वीट आठवली.  मग म्हटलं, पाळी आलेली नाही म्हणजे मार्चचं औषध टिकलंच की. टिकलं नसतं तर पाळी आली असती.

जेवताना ह्यांनी विचारलं, काय झालं, तोंड का उतरलंय? उकाडा म्हटलं.

१८ जुलै

सु. पेनि. ब्लाउज घट्ट झाले म्हणते. वजन दोन किलो वर. हेही कागदावर आहे, ह्या औषधाने वजन वाढतं. तोंडाला चव नाही म्हणाली, ह्या दिवसांत सगळ्यांचंच तसं. कावीळ नको म्हणून डोळे पाहिले. पांढरे स्वच्छ.

"चार महिने झाले काकू, पाळी नाई."

म्हटलं, घाबरू नकोस, औषधच तसं आहे.

८ ऑगस्ट

सुनंदाला दम लागतोय. दवाखान्याच्या चार पायऱ्या चढून बसली ती पाच मिनिटं बोलू शकली नाही. डॉ.बाईंनी छाती ऐकली, पाण्याची गोळी वाढवली. दमट हवा, वाढलेलं वजन, दोघींनी मिळून तेच ठरवलं. पोटाला हात लावायचं दोघींनाही सुचलं नाही.

(शेवटची ओळ आज, ३० ऑगस्टला लिहिली.)

२९ ऑगस्ट, गुरुवार

काल राखी, त्यामुळे आज गर्दी कमी.

सुनंदा टेबलावर कुशीवर. मी बाटली हलवली, औषध भरलं, जागा पुसली. ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "काकू, गॅस झाला का काय? तीन दिवसापासून पोटात फडफडून राहिलं."

मी सुई ट्रेमध्ये ठेवली. तिला पाठीवर वळवलं. बेंबीखाली चार बोटांवर हाताला गोळा लागला. मऊ नाही, चरबीचा नाही. मी हात काढला आणि परत ठेवला. मला वाटत होतं की दुसऱ्यांदा ठेवला तर नसेल.

ती माझ्या तोंडाकडे बघत होती.  तिला कळलं.

डॉ.बाईंनी तपासलं. "सिस्टर, ये तो सोलह हफ्ते का है।" मग शांतपणे एकेक विचारत गेल्या. मार्चमध्ये सुई दिली तेव्हा पाळीचा कितवा दिवस? बाटली हलवली होती? जागेला मालिश, शेक, काही? सुनंदा म्हणाली, "आत्याबाई शेकतात. पहिल्या बारीले दोन दिवस शेकलं." डॉ.बाई माझ्याकडे वळल्या, "आपने मना किया था ना?" मी म्हटलं, जी. जूनमध्ये, हे म्हटलं नाही. चोळल्याचंही बोलले नाही.

डॉ.बाई म्हणाल्या की असं क्वचित होतं, नेमकं कशाने ते कोणालाच सांगता येणार नाही. मे महिन्यात कधीतरी राहिलं असणार, मार्चचं औषध तोवर उतरून गेलं असावं. म्हणजे ६ जूनची सुई आम्ही पोटुशीला दिली. ह्या सुईने पाळी बंद होते आणि पोटुशीचीही पाळी बंदच असते. दोन्हींचं लक्षण एक, आणि मी तीन महिने तिला तेच लक्षण दाखवून धीर देत होते.

बाळाला काही? डॉ.बाई म्हणाल्या, बहुतेक नाही. बाळाचं बघू, आधी आई.

जाताना सुनंदा दारात थांबली. "काकू, तुम्ही म्हटलं होतं भेव नाई."

३० ऑगस्ट

रजा टाकली. डायरी मार्चपासून वाचली. लाईट गेल्याचं लिहिलंय, डॉ.बाईंचा पारा लिहिलाय, आयाबाईची सुट्टी लिहिलीय. चोळलं की नाही ते लिहिलेलं नाही. सुनंदाला शेकू नकोस सांगितलं की नाही, तेही नाही. सांगितलं असतं तर लिहिलं असतं. मी माझी शहाणपणं लिहून ठेवते. "सगळं नेहमीसारखं झालं" एवढंच आहे. नेहमीसारखं म्हणजे चोळून.

आणि ४ एप्रिल. माझ्या अक्षरात. बरं केलंत.

कणीक मळताना अंगठा गोल फिरतो. परात बाजूला सारली. ह्यांनी मुकाट्याने भात लावला.

१ सप्टेंबर, रविवार

दिवाकर आला होता. बसला नाही. आईला सगळं सांगितलं म्हणाला. दुसरं मूल धोक्याचं होतं ते, सुईचं, सगळं. आणि वर, "तिले म्हटलं, तुनंच केलं हे. तुह्या इटेनं केलं. रडून राहिली सकाळपासून."

मी म्हणायला हवं होतं, थांब, माझाही हात आहे. तोंड उघडलंही. तो म्हणाला, "काकू, तुम्ही होत्या म्हनून समजलं तरी." माझे आभार मानत होता. मी चहा ठेवू का विचारलं.

भिंतीपलीकडे गिरजाबाईंचा आवाज येत होता. रडणं नाही, पिंकीला काहीतरी सांगत होत्या, मधेच थांबत होत्या. आमच्या दोन क्वार्टरांत एकच वीट जाडीची भिंत आहे. आजवर तिचा राग यायचा तो त्यांच्या रेडिओमुळे.

५ सप्टेंबर

डॉ.बाईंनी विचारलं, तब्येत ठीक नाही का, आज दोनदा सुई हातातून सुटली. म्हटलं, चष्म्याचा नंबर वाढला असेल.

खोटं बोलणं किती सोपं जमायला लागलं.

दिवसभर एकच डोक्यात. ते औषध. दुधासारखं पांढरं, कमरेच्या मांसात एका जागी बसलेलं, आणि त्यावर माझा अंगठा. गोल, गोल. मग घरी वीट. ते पळत सुटलं असेल रक्तात. पोरगी आपली निर्धास्त. जूनची सुई अजून तिच्या अंगात उतरत असेल, रोज थोडी थोडी, आता कुणाच्याच उपयोगाची नाही.

१२ सप्टेंबर, पोळा

सुनंदा, दिवाकर काल नागपूरहून आले. मोठ्या हार्टच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांचं म्हणणं असं की पोट पाडण्यातही आता धोका आहे, आणि झडप अशीच राहिली तर सातव्या-आठव्या महिन्यात काळीज दमून जाईल. झडप आता उघडायची, पोटात बाळ असतानाच. जमतं म्हणाले. हमी देत नाही म्हणाले.

सुनंदा माझ्याकडे आली. स्वतःच आली, भिंत धरून, हळूहळू. मी पाट दिला, ती खुर्चीवर बसली, खाली बसून उठता येत नाही तिला. म्हणाली, "काकू, मले राग आला होता तुमचा. अजून हाय. पन आता सगळे मले पाहून तोंड फिरवून राहिले, तुम्ही तं फिरवू नका." मी तिच्याकडे बघितलं. कितीतरी वेळ बघितलं. ती म्हणाली, "हे जे फडफडते ना, थे मले आवडाले लागलं. हेच चुकलं माह्यं."

 तिच्या पायांवर सूज होती, बोट दाबलं तर खड्डा. पाय उशीवर ठेवून झोप म्हटलं.

तिला सांगणार होते, आज नक्की. नाही सांगितलं. तिचा माझ्यावरचा राग अर्धा आहे, तो पूर्ण होऊ द्यायची हिंमत झाली नाही. हे लिहायला लाज वाटते, पण तसंच आहे.

१९ सप्टेंबर

सु.ची पेनिसिलीनची सुई. मी डॉ.बाईंना म्हटलं, आज तुम्हीच द्या. त्यांनी दिली. सुनंदाने वळून पाहिलं. 

गिरजाबाई सोबत नव्हत्या. दिवाकर सांगत होता, घरात हात लावत नाहीत आता कशाला. पिंकीचं डोकं दुखलं तरी बाम पोरीच्या हातात देतात आणि म्हणतात, तूच लाव बाई.

२ ऑक्टोबर

ह्यांना सांगितलं. चोळल्याचं, बरं केलंतचं, सगळं. हे ताटावर बसले होते, जेवण थांबवलं. कारखान्यात कोक ओव्हनच्या भट्ट्यांवर एवढी वर्षं काढलेला माणूस, तिथे एकाच्या चुकीने दुसरा भाजतो हे रोज बघणारा. म्हणाले, "डॉक्टरीण म्हनते ना, कशानं झालं सांगता येत नाई?" म्हटलं, हो. "मंग म्हातारीले कावून वाटून राहिलं का तिच्यानंच झालं?"

मी म्हटलं, कारण मी गप्प आहे.

हे म्हणाले, "हाव." आणि जेवायला लागले.

६ ऑक्टोबर, रविवार

आज सुनंदा आणि दिवाकर निघाले. नागपूरची गाडी दुर्गहून. सुनंदाचा भाऊ नागपूरला स्टेशनवर येणार. ऑपरेशन बुधवारी.

ऑटोत बसताना सुनंदा पिंकीला बिलगली नाही, मुद्दाम. "शाळेतून आली का हातपाय धुजो, आजीले तरास देऊ नको," एवढंच. पोर हो म्हणून खेळायला पळाली. मग सुनंदाने मला जवळ बोलावलं. वाटलं, पिंकीला सांभाळा म्हणेल. ती म्हणाली, "काकू, आत्याबाई जेवत नाईत. पाहजा."

स्वतःचं काळीज फाडायला निघालेली पोर मला सासू सांभाळायला सांगून गेली. आणि मी महिनाभर त्या भिंतीला कान लावून बसले होते.

९ ऑक्टोबर, बुधवार

आज ऑपरेशन. सिविक सेंटरच्या बाजारातल्या फोनवाल्याकडे दिवाकर फोन करणार, फोनवाला निरोप पाठवणार. दवाखान्यात गेलेच नाही.

दहाच्या सुमारास गिरजाबाईंकडे गेले. चूल गार. पिंकी शाळेत. बाई खाटेच्या कडेला बसलेल्या, हात मांडीवर उलटे ठेवून. मी खाली बसले आणि सगळं एका दमात सांगितलं. की ती सुई चोळायची नव्हती आणि मी चोळली असणार, सवयीने. की मार्चमध्ये सुनंदाला मी बजावलं नाही. की तुम्ही मला फाटकात सांगितलंत तेव्हा मी बरं केलंत म्हटलं. तेव्हाच मला कळायला हवं होतं, ते माझं काम होतं, तुमचं नव्हतं. दिवाकर बोलला ते चूक होतं आणि मी ऐकून घेतलं.

 मला वाटलं शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग म्हणाल्या, "बाई, मले त्या दिवशी दोन टोचे दिसले होते. शेकाले बसली तवा. एक इकडं, एक तिकडं."

मी वर पाहिलं.

"दर बारीले एकच राहे. मले वाटलं, पोरीचं दुखनं वाढलं. एका सुईनं भागत नाई आता, आन् हे लोक माह्यापासून लपवून राहिले, मी भेईन म्हनून. मंग मीबी इचारलं नाई. म्हटलं, लपवतात तं लपवू द्या. आपुन शेक जास्त द्यावा."

आणि पहिल्यांदा माझ्याकडे बघून म्हणाल्या, "एक डाव सांगतलं असतं, बाई. मी काय दुश्मन होती तिची?"

 दिवाकर म्हणाला होता सांगू नका, डॉ.बाईंनी विचारलं नाही, आणि बाकावर बसलेल्या बाईला आत काय चाललंय ते सांगायचं असतं हे मला बावीस वर्षांत कधी वाटलं नाही. मी हात पुढे केला. त्यांनी हात धरू दिला नाही, पण जा असंही म्हटलं नाही.

शेवटी मीच उठून चूल पेटवली, खिचडी टाकली. त्यांच्यासमोर ताट ठेवलं. चार घास खाल्ले.

आता साडेचार. पिंकी शाळेतून आली, हातपाय धुऊन माझ्याच घरी बसलीय, पाढे लिहिते आहे. गिरजाबाई दारात उभ्या आहेत, रस्त्याकडे तोंड करून. फोनवाल्याचा माणूस अजून आलेला नाही.